तिसऱ्या खोलीतली बाज

परदेशातून आलेली पाहुणी बाई पहिल्या तासात रडली नाही, असं माझ्या नोकरीत फार थोड्या वेळा झालं. मोटार फाटकातून आत यायची, मुली स्वागताचं गाणं म्हणायच्या, गळ्यात झेंडूचा हार पडायचा आणि बाईचे डोळे भरून यायचे. एकदा अशीच एक उंच बाई व्हरांड्यात बसून हुंदके द्यायला लागली. आमची चिमी तेव्हा पहिलीत होती. ती पाण्याचा गिलास घेऊन गेली आणि परत येऊन माझ्या कानाशी लागली, "मावशी, ह्या बाईचं कोनी वारलं काय वं?"

"नाही गं. तुमच्याकडं पाहून रडून राहिली."

"काहून? आमी काय केलं?"

मी चिमीला म्हटलं, जा, बाईंना आपली मांजर दाखव. मांजर पाहून बाई हसली आणि चिमीला वाटलं, चला, सुतक संपलं.

अमरावतीच्या कडेला मिशनचं मुलींचं बालगृह आहे, तिथे मी अधीक्षिका होते. कागदावर अधीक्षिका, मुलींसाठी मावशी. माझे आजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, वडील मिशनच्या शाळेत मास्तर, म्हणजे मिशनचं मीठ तीन पिढ्यांचं. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर मी म्हणायची, साठ मुलींच्या आईला स्थळ कोण आणणार? आता निवृत्त होऊन राजापेठेत दोन खोल्यांत राहते. खाली ट्यूशन क्लास आहे. पोरांचा गलका सुरू झाला की मला बरं वाटतं आणि सुट्टी लागली की घर खायला उठतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बालगृहाचं काम म्हणजे मायेचं काम. माया असते हो, पण ती उरल्या वेळात. आधी उवा. शनिवारी साठ डोकी, रॉकेल नको म्हणून कडुनिंबाचं तेल, दोन-दोन मुलींच्या जोड्या आणि दुपारपर्यंत फण्यांची खरखर. मग गोवर आला की सगळ्यांना एकदम. एकीची चप्पल तुटली की चौघींच्या तुटतात. दहावीच्या परीक्षेत अर्ध्या मुली रडतात आणि निकालाच्या दिवशी उरलेल्या रडतात. यातून वेळ मिळाला की माया.

आणि दर जानेवारीला पाहुणे. परदेशातल्या कुठल्या ना कुठल्या चर्चमधून आठ-दहा जणांचा गट यायचा. त्याला ते मिशन ट्रिप म्हणायचे. दहाएक दिवस राहायचे, मुलींना गोष्टी सांगायचे, बाहुल्यांचा खेळ करायचे. गोष्टी पवित्र शास्त्रातल्याच, म्हणजे बायबलातल्या. दावीद आणि गल्याथाची गोष्ट आमच्या मुलींनी इतक्या गटांकडून पाहिली होती, की एकदा गल्याथ झालेला तरुण भाषण विसरला तेव्हा मागच्या रांगेतून चौथीच्या पोरीने त्याला इंग्रजीत पुढचं वाक्य सांगितलं. थट्टा करते म्हणून गैरसमज नको. या माणसांच्या मदतीवर आमचं अर्धं घर उभं राहिलं आणि त्यातली कितीतरी माणसं मनाने सोन्यासारखी होती. पण पाहुण्याला सांभाळणं हेही कामच असतं, आणि ते आमच्या नेमणुकीच्या कागदात लिहिलेलं नव्हतं.

पाहुण्यांना हाताने काही करायचं असायचं. "आम्ही काय काम करू?" हा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी हमखास. त्यांना स्वयंपाकघरात बसवलं तर हात भाजणार, विहिरीवर पाठवलं तर मला धडकी. म्हणून आम्ही एक भिंत ठेवली होती. कोठीघराची मागची भिंत. दरवर्षी पाहुणे ती भिंत रंगवायचे. एका वर्षी मोर, दुसऱ्या वर्षी नोहाचं तारू, तिसऱ्या वर्षी इंद्रधनुष्य. ते गेले, की पावसाळ्यानंतर आमचा चौकीदार किसनभाऊ तिच्यावर पुन्हा पांढरा हात मारायचा, पुढच्या गटासाठी. त्या भिंतीत विटेपेक्षा रंग जास्त असेल आता.

एक तरुण मोठा कॅमेरा घेऊन आला होता. मुली हसल्या की त्याचा चेहरा पडायचा. शेवटी त्याने मला हळूच विचारलं, "यातली अगदी खरी अनाथ कोणती?" कारण आमच्याकडच्या बऱ्याच मुलींना कुठे ना कुठे एखादी आई, आजी, मामा होता, घरी सांभाळण्यासारखं नव्हतं म्हणून त्या आमच्याकडे. मागेपुढे अजिबात कोणी नाही अशा मोजक्याच. मी म्हटलं, "ती काय, तारेवर कपडे वाळत घालून राहिली." ती स्नेहल. तो धावत गेला. स्नेहलने कॅमेरा पाहिला, रिकामं घमेलं डोक्यावर टोपीसारखं उलटं घातलं, आणि बत्तीस दात दाखवले. तो फोटो त्याच्या काय कामाला आला असेल देव जाणे.

पाहुण्यांसाठी माझे तीन नियम होते आणि ते मी पहिल्याच चहाला सांगून टाकायची. जेवणाआधी चॉकलेट वाटायचं नाही. रडायचं असेल तर न्हाणीघरात. आणि तिसरा, सगळ्यात कडक: "मी पुन्हा येईन" असं कोणत्याही मुलीला म्हणायचं नाही. तोंडातून सहज निघतं ते, पण एका बाईने एका मुलीला तसं म्हटलं होतं. पुढच्या संक्रांतीला त्या पोरीने स्वतःच्या वाट्याचा तिळाचा लाडू रुमालात बांधून ठेवला. पाहुणे आले, त्यात ती बाई नव्हती. लाडवाला मुंग्या लागल्या तरी पोरगी रुमाल सोडायला तयार नाही. तेव्हापासून हा नियम. कितीतरी जणांना मी उर्मट वाटले असेन, वाटू द्या.

पण आमच्या कामातली खरी अडचण मुलगी येते तेव्हाची नाहीच. ती जाते तेव्हाची आहे. अठरा पूर्ण झाली की मुलगी आमच्या दप्तरातून वजा होते. कोणी नर्सिंगला जाते, कोणी नोकरीला, आणि बहुतेकींचं लग्न होतं. चर्चचे पाळकसाहेब स्थळ आणतात, आम्ही चौकशी करतो, साडी, भांडी, पवित्र शास्त्र देऊन पाठवणी करतो. रीतसर सगळं. फक्त परत यायला जागा नाही. नाताळात चार तास येऊन जेवून जायचं, झालं. मुक्काम नाही, नियमात बसत नाही.

आता बघा, सासरी भांडण झालं की कोणतीही मुलगी म्हणते, "मी चालली माहेरी." जात नाही, पण म्हणता तर येतं. आमच्या मुलींना ते म्हणताही येत नव्हतं, आणि हे सासरच्या प्रत्येक माणसाला माहीत असायचं. हे माझ्या मनात कितीतरी वर्षं सलत होतं. माझ्या हातून आधी गेलेल्या मुलींना आम्ही ते देऊ शकलो नाही, ही खंत आजही आहे.

स्नेहल आमच्याकडे आली तीन वर्षांची असताना. अकोल्याच्या एका दवाखान्यात तिची आई वारली होती, आणि न आईला न्यायला कोणी आलं, न पोरीला. लग्नही तिचं अकोल्यातच झालं. नवरा अमोल, दालमिलमध्ये मशीनवर, शांत मुलगा. सासू मंदाबाई मात्र शांत नव्हत्या. लग्नातच त्यांनी मला विचारलं होतं, "मॅडम, वरणात मीठ कोनी टाकलं?" मीठ मीच टाकलं होतं, म्हणून मी विषय बदलला.

एक दिवस स्नेहलचा फोन आला. नेहमी फोनवर आधी हसायची, मग बोलायची. त्या दिवशी हसली नाही.

"मावशी, सातवा लागला मले. सासूबाई म्हणून राहिल्या, पहिलं बाळंतपण माहेरचं. त्यायच्यात रीत हाय."

"मग?"

"मंग काय? जाऊबाई हासली. म्हणे, कोणत्या माहेरी जाशीन, सरकारच्या का मिशनच्या?"

मला राग आला की माझा आवाज उलट शांत होतो. मुलींना हे ठाऊक आहे. मी म्हटलं, "तुझ्या सासूबाईंना सांग, मावशीनं बोलावलं. आठवा लागला की येते म्हणा."

"मावशी, पण तथी मले राहू देतीन का..."

"तथी काय ते मी पाहीन. तू स्वेटर घेऊन ये, इथं थंडी आहे."

फोन ठेवला आणि मग डोकं धरून बसले. बालगृहात अठरावरची बाई मुक्कामाला ठेवता येत नाही. माझी खोलीही त्याच आवारात. उरलं पाहुण्यांचं गेस्ट हाऊस, ते मिशनच्या फाटकाच्या आत, पण बालगृहाच्या कुंपणाबाहेर. तीन खोल्या, सगळ्या पाहुण्यांच्याच देणगीतून बांधलेल्या. वर्षाचे अकरा महिने तिथे कबुतरं राहायची.

आमच्या समितीचे सेक्रेटरीसाहेब बँकेतून निवृत्त झालेले. माणूस सरळ, पै इकडची तिकडे होऊ देणार नाही, पण नियम म्हटला की त्यांच्या अंगात यायचं. मी सांगितलं तसे ते खुर्चीत ताठ झाले.

"नियमात बसत नाही, मॅडम. तपासणीत सापडलं तर मान्यता जाईल."

"बालगृहात नाही ठेवत तिला. गेस्ट हाऊसमध्ये. ते बालगृहात मोडत नाही, हे तुम्हीच मला समजावलं होतं."

"ते पाहुण्यांसाठी आहे."

"ती पाहुणीच आहे."

"आणि जानेवारीत खरे पाहुणे आले म्हणजे?"

"तेव्हाचं तेव्हा पाहू."

त्यांनी चष्मा लावून समोरची फाइल उघडली. त्यांना वाटलं मी तोवर खोली रिकामी करीन. मला वाटलं त्यांनी हो म्हटलं.

स्नेहल आली. पोट पुढे, हातात पिशवी, आणि फाटकातून आत शिरताच "चिमे, किती उंच झाली वं!" तिसरी खोली आम्ही धुऊन पुसून ठेवली होती. मुली शाळेतून आल्या की आधी तिच्या खिडकीशी. कोणी बोरं आणायचं, कोणी ओला हरभरा. एकीने तर शाळेच्या भिंतीवरून हात घालून कैरीचं लोणचं मिळवलं, कोणाच्या घरचं ते मी विचारलं नाही. स्नेहल दिवसभर खायची आणि गोष्टी सांगायची. सासूची नक्कल इतकी हुबेहूब करायची, की मलाच दारामागे उभं राहून तोंडाला पदर लावावा लागे.

बघता बघता जानेवारी लागला आणि सेक्रेटरीसाहेबांचा निरोप आला, शुक्रवारी पाहुणे येणार, आठ जण, तिन्ही खोल्या लागतील. मी निरोप ऐकला, आणि मुलींना हार करायला बसवलं. खोली रिकामी केली नाही.

शुक्रवारी सकाळी सेक्रेटरीसाहेब पाहुण्यांना आणायला बडनेऱ्याला स्टेशनवर गेले. इकडे मुली फाटकाशी दोन रांगांत उभ्या. स्वागताची आमची कवायत ठरलेली. फाटक उघडलं की गाणं, मग सगळ्यात धाकटी हार घालणार, दुसरी गुलाबाचं फूल देणार, तिसरी इंग्रजीत एक वाक्य म्हणणार, आणि पाहुण्यांना लाल गादीच्या खुर्चीवर बसवायचं. वर्षानुवर्षं तेच. मुलींना झोपेतून उठवलं तरी करतील.

मी स्वयंपाकघरात होते. फाटक वाजलं, गाणं सुरू झालं. मला वाटलं, आले. पदर सारखा करत बाहेर आले आणि पाहते तर फाटकात ऑटो उभा, आणि दोन रांगांच्या मधून, काखेत बोचकं मारून, मंदाबाई येताहेत! न सांगता आल्या होत्या, सून कशी ठेवली ते पाहायला. पोरींना काय ठाऊक? गाडी आली, अनोळखी बाई उतरली, म्हणजे पाहुणे. सगळ्यात धाकटीने उडी मारून त्यांच्या गळ्यात हार टाकला. दुसरीने फूल दिलं. तिसरी हात जोडून मोठ्याने म्हणाली, "वेलकम टू अवर होम!"

"हे काय म्हणून राहिली?" मंदाबाई.

मी पुढे झाले. "तुमचं स्वागत करून राहिली. सलाम, विहीणबाई. या."

त्यांनी हाराकडे पाहिलं, साठ पोरींकडे पाहिलं. लाल खुर्चीवर बसवलं तर आधी हाताने गादी दाबून पाहिली. नारळपाणी प्यायल्या. मला वाटलं, देवाने आज आपली बाजू घेतली. पण मंदाबाई नारळपाण्याने विरघळणाऱ्यातल्या नव्हत्या. "पोरगी कुठं झोपते ते दाखवा," म्हणाल्या.

खोलीत स्नेहल घाईघाईने उठून पाया पडली. मंदाबाईंनी खिडकी पाहिली, मोरी पाहिली, पांघरूण नाकाशी नेऊन पाहिलं. मग विचारलं, "बाज कुठं हाय?"

"कोणती बाज?"

"बाळंतिनीची. ह्या स्प्रिंगच्या पलंगावर शेक कसा देसान, मॅडम? खालून निखारा ठेवला तं गादीच पेटन."

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. बाज म्हणजे दोरीने विणलेली खाट. आमच्याकडे बाळंतिणीला बाजेवर निजवून खालून शेगडीचा शेक देतात. दोरीतून ऊब कमरेपर्यंत पोचते. माहेरची तयारी म्हणजे आधी बाज, मग डिंकाचे लाडू, मग बाकीचं. मी लाडू केले होते, ओवा-शेपा आणला होता, दवाखान्यात नाव घातलं होतं, जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांचा ढीग शिवला होता. बाज विसरले. आमच्या घरात आजवर बाळंतीण झोपलीच नव्हती, तर आठवण कोण करून देणार? साठ मुलींचं घर, आणि एकीनेही बाळंतिणीची खोली पाहिलेली नव्हती.

"बाज नाई, अन् म्हणे माहेर!" मंदाबाई म्हणाल्या.

नेमकी तेव्हाच दारात मोटार थांबली. पाहुणे उतरले. मुलींनी गाणं पुन्हा म्हटलं, पण हार एक कमी पडला. सेक्रेटरीसाहेब सामान उतरवून घेत तिसऱ्या खोलीशी आले आणि दारातच थबकले. आत स्नेहल, बाजूला गळ्यात हार घातलेली एक अनोळखी बाई, आणि मी.

"मॅडम, ही खोली अजून रिकामी केली नाही? पाहुण्यांची खोली आहे ही."

मराठीतच बोलले. मंदाबाईंनी हार काढून खिडकीत ठेवला. "अशी गोष्ट हाय तं मले अकोल्यालेच सांगायचं होतं. लोकाच्या खोलीत निजवून ठेवली माह्या सुनेले. चाल वं स्नेहल, भर पिशवी."

घमेल्याची टोपी घालून हसणारी माझी पोरगी, तिने खाली वाकून पलंगाखालची पिशवी ओढली. तिला वाकता येत नव्हतं, तरी वाकली. तिला कळलं होतं, आज ही पिशवी घेऊन अकोल्याला उतरली, की जावेचं हसणं जन्माचं मागे लागेल.

माझ्या नोकरीचं वर्षच उरलं होतं. समितीने मनात आणलं असतं तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं. मी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि सेक्रेटरीसाहेबांपुढे धरला.

"ह्या घ्या. पोरीला बाहेर काढायचं तर तुमच्या हाताने काढा. माझ्या हाताने होणार नाही."

त्यांनी किल्ल्यांकडे पाहिलं. स्नेहलकडे पाहिलं. त्यांनाही दोन मुली आहेत, दोघींची बाळंतपणं त्यांच्याच घरी झालेली, पेढे मीच खाल्ले होते. हात काही पुढे आला नाही.

"पण पाहुणे?" एवढंच म्हणाले.

पाहुण्यांची पुढारी डोरीस नावाची बाई होती, माझ्याच वयाची, आडव्या हाडाची. तिकडे शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. ती मागे उभी राहून सगळं पाहत होती. मी तिला विचारलं नाही, सांगितलं. म्हटलं, "डोरीसबाई, ही आमची मुलगी आहे. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. ही खोली तिची. तुम्ही आठ जण दोन खोल्यांत झोपायचं, पुरुष इकडे, बायका तिकडे."

ती म्हणाली, "आणि ही बाई एवढी का रागावली आहे?"

"बाज नाही म्हणून."

बाज म्हणजे काय, ते मला इंग्रजीत सांगता येईना. हातवारे केले. डोरीसबाईने ऐकून घेतलं, बाह्या वर केल्या, म्हणाली, "मग भिंत रंगवण्याऐवजी आम्ही तेच करतो."

म्हणजे भिंतीचा लौकिक परदेशात पोचला होता तर!

मी मंदाबाईंना म्हटलं, "विहीणबाई, रविवारपर्यंत थांबा. रविवारी या. बाज नसली तर मी स्वतः पोरीला अकोल्याला आणून सोडीन." मंदाबाईंनी थोडा विचार केला. "रविवारी उपासना झाली का येतो. पाहतो," म्हणाल्या, आणि जाताना खिडकीतला हार उचलून बोचक्यात टाकला.

किसनभाऊ मूळचा अंजनगाव सुर्जीकडचा, त्याच्या हातात विणकाम होतं. कोठीघरातून जुनी सागवानी चौकट निघाली. एक पाय हलत होता, त्याला पाचर ठोकली. सुती दोरीची बंडलं आणली. पुढचे दोन दिवस आमच्या अंगणात जे चाललं, त्याला काय म्हणावं? एका बाजूला डोरीसबाई, दुसऱ्या बाजूला दहावीची मुलगी, मधे किसनभाऊ ओरडतोय, "खालून! खालून घ्या! अवो बाई, खालून म्हनलं ना!" बाईला मराठी येत नव्हतं, त्याला इंग्रजी येत नव्हतं, आणि दोघंही ऐकायला तयार नव्हते. एकदा अर्धी बाज विणून झाल्यावर लक्षात आलं की दोरी एका कोपऱ्यात चुकली. किसनभाऊने कपाळावर हात मारून सगळी उसवली. पाहुण्यांतली एक तरुण मुलगी रडकुंडीला आली, तर चिमी तिला म्हणाली, "मावशी म्हणते, रडाचं तं न्हाणीघर तिकडं हाय."

पण शनिवारच्या संध्याकाळपर्यंत बाज उभी राहिली. त्या गटातल्या कोणीही त्या दोन दिवसांत मुलींचे फोटो काढले नाहीत. हातांना फोड आले होते, फोन धरवत नव्हता.

रविवारी मंदाबाई आल्या, सोबत अमोल. आज पोरी गाणं म्हणायला लागल्या तसं त्यांनी हातानेच थांबवलं, "रोज रोज कायले, बाप्पा." सरळ खोलीत गेल्या. पलंग बाहेर निघाला होता, बाज मांडली होती. स्नेहल भिंतीशी उभी. दारात आम्ही सगळे गोळा झालेलो, डोरीसबाईसुद्धा. आणि मंदाबाई चपला काढून त्या बाजेवर धपकन बसल्या. बाज करकरली. किसनभाऊ आकाशाकडे पाहत होता.

"ढिली हाय," मंदाबाई म्हणाल्या.



त्या उठल्या, पायाकडे गेल्या, बोचकं बाजूला ठेवलं. पदर खोचला, खाली बसून पायाकडची दोरी सोडली, पाय चौकटीला लावला आणि एकेक फेरा ओढायला लागल्या. "अवो गोऱ्या बाई, उभ्या काय राह्यल्या? धरा तिकून!" डोरीसबाईला शब्द कळला नाही, पण काम कळलं. तिने दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून दोरी अशी ताणली, की बाजेवर टिचकी मारली तर टणकन आवाज यावा.

मंदाबाईंनी घाम पुसला. बोचकं सोडलं. आतून लहान कुंची निघाली, हाताने शिवलेली, आणि तुपाची बरणी.

"बाज तुमची, तूप आमचं," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आता मले एक सांगा. आमच्या गल्लीत बाया विचारतेत, सुनेच्या माहेरी कोन कोन हाय. काय सांगू मी त्यायले?"

मी तोंड उघडायच्या आत मागून चिमी ओरडली, "मी हाओ!" आणि मग सगळ्याच. "मी!" "मी बी!" दारात, खिडकीत, व्हरांड्यात, साठ हात वर.

मंदाबाईंनी त्या हातांकडे पाहिलं, मग अमोलकडे. तो बिचारा खांबाला टेकून उभा होता.

"एवढ्या साळ्या? माह्या पोराचं काई खरं नाई!"

स्नेहल हसली. दोन दिवसांनी, तिचं ते बत्तीस दातांचं हसणं. आणि मला मात्र न्हाणीघरात जावं लागलं. नियम तो नियम.

निघताना मंदाबाई फाटकाशी थांबल्या. आजवर मला मॅडम म्हणायच्या. म्हणाल्या, "येतो, इहीनबाई. पोरीले जपा."

पाहुणे आपल्या वेळेला गेले, बाळ आपल्या वेळेला आलं. डोरीसबाईने जाताना कोणत्याही मुलीला पुन्हा येईन म्हटलं नाही. मला फक्त म्हणाली, "दोरी टिकली का ते कळव." काही दिवसांनी, भर दुपारी, सरकारी दवाखान्यात स्नेहलला मुलगी झाली. घरी आणली, बाजेवर निजवली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी धुराला नाही आणि शेकाला हो म्हटलं होतं, ते मी मंदाबाईंच्या गळी कसं उतरवलं तो वेगळा झगडा. बाजेवरच्या मायलेकींचा फोटो डोरीसबाईला पाठवला. खाली लिहिलं, टिकली.

दीड महिन्याने स्नेहल लेकीला घेऊन अकोल्याला गेली. मुलींनी रडून गोंधळ घातला, मी सगळ्यांना शनिवारच्या फण्यांना बसवलं. ती गेल्यावर तिसरी खोली मी पुन्हा धुतली. बाज उभी करून भिंतीला लावली, चुना मारून घेतला, आणि दाराला कुलूप घातलं.

माझ्या नोकरीतला शेवटचा जानेवारी आला. सेक्रेटरीसाहेब आले आणि म्हणाले, यंदाही आठ जण आहेत, तिसऱ्या खोलीची किल्ली द्या. मी म्हटलं, साहेब, दोनच खोल्या आहेत. तिसरी भरलेली आहे. त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. किल्ली घेतली, स्वतः जाऊन दार उघडलं. आत भिंतीला लावलेली बाज आणि कोपऱ्यात घड्या घातलेली दुपटी. बाकी काही नाही.

"इथं तर कोणी नाही, मॅडम. कोणासाठी अडवून ठेवली?"

"ज्या येणार आहेत त्यांच्यासाठी."

"कोण येणार आहेत? कुठे आहेत त्या?"

"त्या सध्या शाळेत गेल्या आहेत," मी म्हटलं.